मणक्यातलं इंजेक्शन आणि कदम सरांचा नकार

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नवीन ओळख झाली की ठरलेला प्रश्न यायचा, "तुम्ही हॉस्पिटलात असता ना? नर्स का?" "नाही हो, इन्शुरन्स डेस्कवर," असं मी म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा किंचित पडायचा. नर्स असते तर निदान सुनेच्या थायरॉइडबद्दल विचारता आलं असतं. मग पुढचा प्रश्न, "म्हणजे नक्की काय करता?" त्यावर मी काहीतरी गुळमुळीत बोलून प्रसादाच्या रांगेत सटकायची. खरं उत्तर असं, की इन्शुरन्स कंपनी 'नाही' म्हणाली की ते 'नाही' माणसाला कळेल अशा भाषेत सांगायचं, आणि जमलं तर त्याचं 'हो' करून आणायचं, हे माझं काम होतं. पहिला भाग रोजचा. दुसरा अधूनमधून.

यंदा मंडळाच्या अंकासाठी नोकरीबद्दल लिहा म्हणून आग्रह झाला, तेव्हा आधी आठवले ते कदम सर, आणि त्यांच्या मागोमाग डॉक्टर माथुर. या दोघांची एकमेकांशी कधीच गाठ पडली नाही. मध्ये मी होते.

मी मूळची मिरजेची. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. लग्नाआधी तिथल्याच एका इस्पितळात मी रेकॉर्ड सांभाळायची. लग्न होऊन दिल्लीला आले. ह्यांची सरकारी नोकरी, आधी भाड्याच्या दोन खोल्या, मग द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट. आम्ही राहायला गेलो तेव्हा अख्ख्या मजल्यावर आमचंच कुलूप उघडं. पाण्याचा टँकर आला की चौकीदार खालून हाक मारायचा आणि आम्ही बादल्या घेऊन धावायचो. एखाद्या दारावर मराठी आडनावाची पाटी दिसली की काही काम नसताना घंटा वाजवायचो. आमच्या मंडळातली निम्मी माणसं अशीच जमली आहेत.

गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या. एका इमारतीपासून दुसरीपर्यंत मध्ये मोहरीचं शेत असायचं. थंडीत चार्टर्ड बसच्या खिडकीतून ते पिवळं शेत, त्यामागे निळी काच आणि काचेत पुन्हा तेच शेत दिसायचं. त्या काचांच्या आत पोरं दहा-दहा तास खुर्चीत बसायची, मग खड्ड्यांतून तासभर गाडी हाकत घरी जायची. त्या नव्या शहरानं पहिल्यांदा काही मोडलं असेल तर माणसांच्या कमरा. त्याच सुमाराला खासगी इन्शुरन्स कंपन्या आल्या, ऑफिसांनी आणि शाळांनी आपल्या लोकांच्या पॉलिसी काढल्या आणि 'कॅशलेस' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी झाला. गुडगावच्या एका नव्या खासगी रुग्णालयाला त्या कामाला माणूस हवा होता. कागदपत्रांची सवय असलेली, हिंदी-इंग्रजी बोलणारी आणि माणसं ओरडली तरी न रडणारी बाई, एवढीच त्यांची अट होती. तिसरी अट मी कामावर राहूनच पुरी केली.

आमच्याकडे डॉक्टर भल्ला म्हणून वेदनेचे डॉक्टर होते. मूळचे भुलीचे. नुसत्या दुखण्याचा वेगळा डॉक्टर असतो हेच तेव्हा लोकांना नवीन होतं. रिसेप्शनवर त्यांना 'सुईवाले डॉक्टर' म्हणत. मणक्यांच्या मधली गादी सरकते, नसेवर दाबते, आणि कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. ज्याला गेलीय त्याला विचारा. गोळ्या, पट्टा, शेक, व्यायाम करून भागलं नाही आणि ऑपरेशनचीही वेळ नसली, तर मधला उपाय म्हणजे त्या नसेजवळ सूज उतरवणारं औषध सोडायचं. ते दंडात टोचण्याइतकं सोपं नसतं. ऑपरेशन थिएटरात पालथं झोपवून, वर फिरता एक्स-रे लावून, पडद्यावर बघत बघत सुई आत न्यावी लागते. पण माणूस सकाळी येतो आणि दुपारी चालत घरी जातो.

घोटाळा नेमका इथेच होता. पॉलिसीत लिहिलेलं असायचं की चोवीस तास दाखल असाल तरच खर्च मिळेल. ज्या उपचारांना कमी वेळ पुरतो त्यांची एक यादी शेवटी जोडलेली असायची. त्यात मोतीबिंदू होता, डायलिसिस होतं, हे इंजेक्शन नव्हतं. यादी करणाऱ्यांना ते माहीतच नसावं. मग उत्तर यायचं, 'बाह्यरुग्ण उपचार, मंजूर नाही.' ते नसेल तर पॉलिसी नवी आहे, पाठीच्या आजाराला पहिली दोन वर्षं थांबा. तेही नसेल तर आजार पूर्वीपासूनचा आहे. एका कॉल सेंटरमधल्या मुलीनं डॉक्टरांना बोलता बोलता सांगितलं, "कॉलेजमध्ये पण कधी कधी दुखायचं." डॉक्टरांनी प्रामाणिकपणे ते लिहिलं. झालं. तिची पॉलिसी कॉलेजनंतरची. तेव्हापासून पेशंट आत जायच्या आधी मी त्यांना सांगायची, की जे आत्ता दुखतंय तेवढंच नीट सांगा, आठवणी काढत बसू नका.

माझ्या विचित्र गिऱ्हाइकांत पहिला नंबर चौधरींचा. जवळच्याच गावातले जमीनदार, पांढरं धोतर, हातात काठी. त्यांच्या शेतावर एक अख्खी कॉलनी उभी राहिली होती. त्यांना बसता यायचं नाही, म्हणून ते माझ्या टेबलासमोरच्या सोफ्यावर आडवे व्हायचे आणि छताकडे बघत माझ्याशी बोलायचे. मुलानं नवीकोरी पॉलिसी काढून दिली होती, म्हणजे दोन वर्षं थांबा. मी ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि छतालाच विचारलं, "बेटी, मन्ने यो बता. दर्द मेरा, पालिसी मेरी. फेर यो 'ना' कहण आळा कौण सै?"

'ना' म्हणणारे होते डॉक्टर माथुर.

हे थोडं सांगायला हवं. इन्शुरन्स कंपनी आणि हॉस्पिटल यांच्या मध्ये एक तिसरी कंपनी असते. आलेले कागद तपासून हो की नाही ते तीच कळवते. आमचे बहुतेक कागद जिथे जात तिथे माथुर होते. त्यांचं ऑफिस नोएडात. गाझियाबादला स्वतःचा छोटा दवाखाना होता. तो ते संध्याकाळी चालवत आणि दिवसभर 'नाही' म्हणत. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण दिवसातून इतक्या वेळा फोनवर बोलायचो की त्यांच्या खोकल्यावरून मला हवा बदललेली कळायची. प्रत्येक वाक्य "देखिए मैडम" पासून सुरू. मी हिंदीत भांडायची (इथे माझी वाक्यं मराठीतच लिहिते), ते कलम वाचून दाखवायचे, मी पुन्हा भांडायची, ते पुन्हा वाचायचे. आवाज मात्र कधी चढवला नाही. तरी एवढ्या नकारांवरून मी मनात साठीचा, जाड चष्म्याचा, रागीट माणूस रंगवला होता.

आणि मग कदम सर आले.

ते द्वारकेतल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक. मूळचे कोरेगावकडचे. उंच, ताठ, केस बारीक कापलेले. टेबलाशी आले ते खुर्ची न घेता उभेच राहिले. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव वाचलं आणि म्हणाले, "शुभांगीताई, मराठीत बोललं तर चालेल ना? दुखणं हिंदीत सांगायला जमत नाही."

डाव्या पायात कळ. उभं राहिलं की कमी, वाकलं की जास्त. औषधं करून झाली होती, व्यायाम तर ते स्वतःच दुसऱ्यांना शिकवत. एका सर्जननं ऑपरेशन सांगितलं होतं, पण ते त्यांना नको होतं. का, ते मी विचारल्यावर सांगितलं. पत्नीला, मालतीवहिनींना, अर्धांगवायू झाला होता. दिवसा कामाला बाई असायची, पण वहिनींना दुसऱ्या कोणी उचललेलं सहन व्हायचं नाही. भीती वाटायची, पडू म्हणून. त्यामुळे सकाळी शाळेत जायच्या आधी सर त्यांना खाटेवरून उचलून खुर्चीत बसवत आणि संध्याकाळी परत खाटेवर. कंबर त्यातच गेली होती. "ऑपरेशन केलं तर दोन-तीन महिने वजन उचलायचं नाही म्हणतात. मुलगी म्हणते, आईला इंदूरला घेऊन जाते. नेईल ती, चांगली आहे. पण हिला इथून हलायचं नाही. आणि मलाही ती हलायला नकोय."

शाळेची पॉलिसी जुनी होती, दोन वर्षांची अडचण नव्हती. मी कागद पाठवले. उत्तर आलं: बाह्यरुग्ण उपचार, मंजूर नाही.

यावर एक सोपा मार्ग होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. पेशंटला एक रात्र दाखल करायचं. इंजेक्शन सकाळी, झोप हॉस्पिटलात, दुसऱ्या दिवशी घरी. चोवीस तास भरले, कलमाचं समाधान झालं. माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या कपूरनं सरांना तेच सुचवलं, अगदी मदत म्हणून. "सर जी, बस एक रात. टीवी देखिए, आराम कीजिए. डॉक्टर साहब लिख देंगे कि चक्कर आ रहा था."

सर म्हणाले, "पण मला चक्कर येत नाही."

"लिखने के लिए, सर."

"नाही," सर मराठीतच म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ताई, मी मैदानावर पोरांना सांगतो, बॅटला चेंडू लागून झेल गेला असेल तर पंचानं बोट वर करायची वाट बघू नको, स्वतः चालू लाग. पोरं माझ्यावर चिडतात, पण चालू लागतात. आता मी चक्कर आली म्हणून इथे झोपू?"

कपूर हसला. मला हसू आलं नाही. सरांच्या आवाजात मोठेपणा नव्हता. एखाद्याला वांगं चालत नाही, तसं ते सांगत होते. आणि दुसरंही होतंच. रात्रभर इथे राहिले तर संध्याकाळी वहिनींना उचलणार कोण?

"मग सरळ रस्त्यानं वेळ लागेल," मी म्हटलं.

"लागू दे," म्हणाले, आणि पाय किंचित ओढत निघून गेले.

मी माथुरांना फोन लावला. कलम मला पाठ होतं. त्यातच खाली एक ओळ होती, की वैद्यकीय तंत्र सुधारल्यामुळे एखाद्या उपचाराला चोवीस तास लागत नसतील तर त्याचा वेगळा विचार करता येईल. मी ती ओळ वाचून दाखवली. वाचून दाखवायची पाळी माझ्यावर आली म्हणून मला जरा मजाच वाटली.

"देखिए मैडम, वो ऑपरेशन के लिए है. ये तो इंजेक्शन है. मैं रोज़ शाम को बीस लगाता हूँ."

"असं नाही हो लावत तुम्ही. तुम्ही कधी पाहिलंय हे?"

पलीकडून खोकला. मग, "नहीं. हमारे टाइम में था नहीं."

"तर मग या ना. येऊन बघा."

इतक्या वर्षांत कागद तपासणाऱ्या डॉक्टरला हॉस्पिटलात बोलावल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यांनीही ऐकलं नसावं. पण माथुर म्हणाले, "पूछता हूँ." आणि दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, "शुक्रवार चलेगा?"

शुक्रवारी चौधरींचं इंजेक्शन होतं. दोन वर्षं थांबायला ते तयार नव्हते; कॉलनीसाठी विकलेल्या जमिनीच्या कृपेनं त्यांना थांबायची गरजही नव्हती. इन्शुरन्सचे डॉक्टर बघायला आलेत, चालेल का, असं डॉक्टर भल्लांनी विचारलं तेव्हा चौधरी स्ट्रेचरवर पालथे होते. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात उभा माणूस पस्तिशीचा, किडकिडीत, हातात जेवणाचा डबा. मीही पहिल्यांदाच बघत होते. माझा साठीचा रागीट डॉक्टर तिथल्या तिथे विरघळला.

"तू सै वो?" चौधरींनी विचारलं.

"जी," माथुर म्हणाले.

"आ जा भाई. देख ले."

माथुरांनी शिशाचा जड एप्रन चढवला. तो त्यांना गुडघ्याच्या खालपर्यंत आला. मी काचेबाहेर होते. पडद्यावर मणके दिसत होते, त्यातून सुई मुंगीच्या गतीनं सरकत होती, भल्ला थांबत, एक्स-रे फिरवत, पुन्हा अर्धा केस पुढे जात. नसेजवळ पोचल्यावर औषध सोडलं तशी चौधरींनी एक शिवी दिली, कोणाला ते कळलं नाही. माथुर पडद्याजवळ सरकत सरकत इतके पुढे गेले की नर्सनं त्यांना एप्रन धरून मागे ओढलं.

बाहेर आल्यावर ते बराच वेळ हात धूत होते. हात त्यांनी कशालाच लावला नव्हता. मग म्हणाले, "मैडम, ये इंजेक्शन नहीं है. नाम गलत रखा है इसका."

तासाभरानं चौधरी उठून बसले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच बसले. माथुरांना जवळ बोलावून म्हणाले, "देख लिया? इब मेरी फाइल?"

माथुर अवघडले. "चौधरी साहब, आपका मामला दूसरा है. आपकी पॉलिसी नई है. उसमें मैं कुछ नहीं कर सकता."

मला वाटलं, आता काठी उचलली जाणार. पण चौधरी मोठ्यांदा हसले. "ठीक सै. मुँह पै तो बोल्या." आणि त्यांना घरी ताक प्यायला यायचं निमंत्रण देऊन गेले.

माथुरांनी आपल्या वरिष्ठांना लिहिलं. मी भल्लांकडून सविस्तर लिहून घेतलं. काही आठवड्यांनी कदम सरांची मंजुरी आली. सर सकाळी आले आणि दुपारी घरी गेले. चक्कर आली नाही.

पुढे एका रविवारी मी आणि हे त्यांच्या घरी गेलो. वहिनी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. बोलणं जड झालं होतं, पण डोळे लख्ख. सरांच्या पाठीकडे बोट दाखवून त्यांनी मला नमस्कार केला. मी म्हटलं, "वहिनी, मी काही नाही केलं, फोन केले फक्त." त्यांनी मान हलवली आणि जड जिभेनं, एकेक शब्द सोडवत म्हटलं, "फोन... कोण... करतं?" सरांनी चहा केला, पोहे केले आणि वहिनींना भरवताना त्या रागावल्या तेव्हा मुद्दाम त्यांची नक्कल केली. घरात आजारपण होतं, पण आजारी घर वाटत नव्हतं.

या इंजेक्शनाचा गुण कायमचा नसतो. काही महिने जातात, कधी वर्ष. सरांना पुन्हा कळ सुरू झाली. मी पुन्हा कागद पाठवले आणि पुन्हा नकार आला. या वेळचं कारण ऐकण्यासारखं होतं. पहिल्यानं गुण आला असेल तर दुसरं कशाला, आणि आला नसेल तर दुसऱ्याचा उपयोग काय?

"माथुर साहेब, हे तुम्ही लिहिलंत?"

"देखिए मैडम, मैंने नहीं, ऊपर से आया है. पर वो पूछेंगे ही. कितना आराम था, कब तक था, लिखवाइए. 'बहुत आराम था' नहीं चलेगा."

दुखणं मोजायचं कसं? डॉक्टर दहापैकी किती असं विचारतात. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, मी मार्क देतो दुसऱ्यांना. स्वतःचं काय सांगू? आधी हिला उचलताना मध्ये थांबून भिंतीला टेकावं लागायचं. इंजेक्शननंतर दिवाळीपर्यंत एका दमात उचलत होतो. आता पुन्हा भिंत लागते."

मी तेच लिहून घेतलं. किती दुखतं ते नाही. काय करता येत होतं आणि काय येईनासं झालं, ते. भल्लांनी त्याखाली सही केली. पुढे सगळ्याच पेशंटना मी तसं विचारायला लागले. कोणी म्हणे, मुलाला कडेवर घेता येत नाही. कोणी म्हणे, मशिदीत नमाज खुर्चीवर बसून पढावी लागते. वेदना कागदावर दिसत नाही, हे दिसतं. माझ्या नोकरीत मी शिकलेली एकच गोष्ट सांगा म्हटलं तर ही सांगेन.

मंजुरी आली ती थंडीत, धुकं इतकं की समोरची काचेची इमारत दिसेना. माथुरांनी स्वतः फोन करून सांगितलं. मी लगेच सरांना फोन लावला. कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सर स्वतःच टेबलाशी उभे राहिले. दाढी वाढलेली.

"सर, अहो किती फोन केले! आली मंजुरी!"

"ताई, ती रद्द करा."

"का?"

"मालती गेली. मागच्या आठवड्यात. न्यूमोनिया झाला." मग, जणू माझंच समाधान करायला हवं अशा सुरात म्हणाले, "दुखतं अजून. पण आता दुखलं तरी चालतं. उचलायचं कोणाला?"

मी उठून त्यांच्या बाजूला गेले. कपूरनं पाणी आणून दिलं. सर ते प्यायले, ग्लास परत दिला आणि गेले.

मंजुरी रद्द करायची तर कारण कळवावं लागतं. मी माथुरांना फोन केला आणि सांगितलं. मागे त्यांच्या ऑफिसातले दुसरे फोन वाजत होते.

"देखिए मैडम," ते शेवटी म्हणाले, "मंज़ूरी उनके नाम से है. पत्नी के नाम से नहीं. दर्द तो उनका है. उनसे कहिए, अपने लिए करवा लें. मैं रद्द नहीं कर रहा. तारीख़ बढ़ा देता हूँ."

इतक्या वर्षांत माझी सगळी शक्ती या माणसाकडून 'हो' मिळवण्यात गेली होती. आता 'हो' त्यांच्या हातात होतं आणि ते घ्यायला कोणी नव्हतं. रविवारी मी सरांकडे गेले. घर नीट आवरलेलं होतं, खिडकीशी खुर्ची नव्हती. माथुर काय म्हणाले ते मी शब्दाला शब्द सांगितलं. सर म्हणाले, "त्यांना माझं नाव माहीत आहे?" मी म्हटलं, "सर, त्यांना तुमच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी माहीत आहे." ते किंचित हसले. "बघतो," एवढंच म्हणाले.

माथुरांनी तारीख आणखी एकदा वाढवली.

हे सगळं आता कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. ते इंजेक्शन पुढे बहुतेक पॉलिसींच्या यादीत आलं. कागद संगणकावरून जायला लागले, उत्तर संगणकावरून यायला लागलं, पटकन आणि नीटनेटकं. माझ्या शेवटच्या वर्षांत 'नाही' आलं तर खाली कोणाचं नाव नसायचं, नंबर नसायचा. काम वाढलं आणि भांडण संपलं. नवीन मुली हुशार होत्या, माझ्यापेक्षा भराभर काम करायच्या. पण पलीकडे कोण आहे, त्याला खोकला झालाय का, हे त्यांना कळायला वाव नव्हता. मोहरीची शेतंही गेली. तिथल्या एका मजल्यावर आता माझी भाची नोकरीला आहे आणि तिची कंबर दुखते.

कदम सर त्याच थंडीच्या शेवटी, वसंत पंचमी होऊन गेल्यावर आले. आले आणि म्हणाले, "काल बुटाची नाडी बांधायला वाकलो, तर वाकता येईना. पोरं बघत होती. म्हटलं, आता जावं." त्या इंजेक्शननंतर सोबत कोणीतरी लागतं, एकट्याला घरी सोडत नाहीत. मुलगी पहिल्या वेळी आली होती, आता इंदूरला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थिएटरबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्या बाजूनं ती जागा कशी असते, ते मला पहिल्यांदा कळलं.

सरांना बाहेर आणत होते, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. माथुर.

"मैडम, आज था न उनका?"

"हो. आत्ताच बाहेर आणतायत. झालं व्यवस्थित."

"आराम है?"

"अजून विचारलं नाही. लिहून पाठवते तुम्हाला, काय करता येतंय ते."

"नहीं नहीं," माथुर म्हणाले, "लिखना नहीं है. ऐसे ही पूछ रहा हूँ."